डीजीएफटीच्या आयईसी सेवेला पाचपैकी चार, तिथल्या 'फर्मचं स्वरूप' या रकान्याला शून्य

परदेशात माल पाठवायचा म्हटलं की पहिलं काम आयईसी, म्हणजे आयातदार-निर्यातदार कोड, काढायचं. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीएफटीच्या पोर्टलवर मिळणारा हा दहा अंकी-अक्षरी कोड. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फाउंड्री आणि मशीनशॉपवाल्यांपासून इचलकरंजीच्या कापडवाल्यांपर्यंत आणि चप्पल-गुळाच्या व्यापाऱ्यांपर्यंत सगळ्यांना लागणारी ही एकच सेवा. सरकारी पोर्टल म्हटल्यावर मनात जे चित्र येतं, त्याच्या मानाने ही सेवा खरोखर चांगली आहे. तरीही कोल्हापुरातल्या घरच्या कारखान्यांची निर्यात जिथे अडकते, त्यातल्या बऱ्याच गाठी याच फॉर्मच्या पहिल्या पानावर बसलेल्या असतात, आणि पोर्टल त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

आधी चांगलं. फी ५०० रुपये, एकदाच. आपला जिल्हा डीजीएफटीच्या पुणे कार्यालयाखाली येतो, पण आयईसीसाठी पुण्याला जायची गरज नाही. मोबाइल आणि ई-मेलवर ओटीपी घेऊन लॉगिन तयार करायचं, पॅन टाकायचा, पत्त्याचा पुरावा आणि कॅन्सल्ड चेक किंवा बँकेचं प्रमाणपत्र जोडायचं, मालक, भागीदार किंवा संचालकांचा तपशील भरायचा, आधार ई-साइन किंवा डिजिटल सहीने सही करायची. पॅनची पडताळणी जागेवर होते आणि सगळं जुळलं तर कोड कुणाच्या टेबलावर न थांबता सिस्टीममधूनच निघतो. अर्ज अडकतो तो बहुतेक दोन कारणांनी. पॅनवरचं नाव आणि फॉर्ममधलं नाव यात 'अँड' की 'एन्ड', 'इंजिनिअरिंग' की 'इंजि.' असा फरक पडतो. नाहीतर चेकवर फर्मचं नाव छापलेलं नसतं. दुसऱ्या अडचणीवर उपाय सोपा आहे: बँकेकडून लेटरहेडवर खात्याचं प्रमाणपत्र घ्या, त्यात फर्मचं नाव, खाते क्रमांक आणि आयएफएससी असू द्या.

आता तो रकाना. 'फर्मचं स्वरूप' असा ड्रॉपडाउन येतो: मालकी हक्काची फर्म, भागीदारी, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी), प्रायव्हेट लिमिटेड, हिंदू अविभक्त कुटुंब वगैरे. भरायला दहा सेकंद लागत नाहीत. जीएसटी आल्यापासून आयईसीचा क्रमांक म्हणजे पॅनच, आणि एका पॅनवर एकच आयईसी. त्यामुळे या रकान्यात जे निवडाल, त्याच्याशी तुमची पुढची सगळी निर्यात बांधली जाते: बंदरावर नोंदवलेला बँकेचा एडी कोड (निर्यातीचे पैसे घेणाऱ्या बँकेचा क्रमांक), जीएसटीचं एलयूटी (कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र), निर्यात परिषदेचं आरसीएमसी (सदस्यत्वाचं प्रमाणपत्र), ईपीसीजीचं लायसन्स (त्याबद्दल पुढे) आणि परदेशी ग्राहकाच्या सिस्टीममधला तुमचा व्हेंडर कोड, म्हणजे पुरवठादार क्रमांकही. पॅन बदलला की हे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

कोल्हापुरात यातला सगळ्यात सवयीचा पर्याय म्हणजे मालकी हक्काची फर्म. वडिलांच्या नावावर शेड, वडिलांच्याच पॅनवर धंदा, दोन मुलगे कामाला. देशात हे वर्षानुवर्षं चालतं, कारण पुण्याच्या ग्राहकाला आबा माहीत असतात आणि आबा गेले तर दादा माहीत असतो. परदेशी ग्राहकाला आबाही माहीत नसतात आणि दादाही. त्याला माहीत असतो एक व्हेंडर कोड आणि एक बँक खातं.

मालक वारला की पॅन संपतो आणि त्याबरोबर आयईसीही. ती वारसाच्या नावावर चढत नाही. वडिलांनी मुलाला दिलेलं कुलमुखत्यारपत्रही त्याच दिवशी संपतं, ही गोष्ट बऱ्याच घरांना बँकेच्या काउंटरवर कळते. मग मुलाने नवी जीएसटी नोंदणी घ्यायची, जुन्या खात्यातलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) आयटीसी-०२ फॉर्मने वळवायचं, नवी आयईसी, नवं करंट खातं, नवा एडी कोड, नवं एलयूटी. भारतातलं काम धावपळ करून होतं. अडतं ते ग्राहकाकडे. 'आमचं बँक खातं बदललं आहे, यापुढे पैसे इथे पाठवा' अशी ई-मेल आली की युरोप-अमेरिकेतला अकाउंट्स विभाग आधी पेमेंट थांबवतो, कारण ई-मेल हॅक करून फसवणारे नेमकी हीच भाषा वापरतात. नवा पुरवठादार म्हणून सगळी कागदपत्रं परत मागितली जातात. तोवर बंदरावर उतरलेल्या मालाचं बिल मृत माणसाच्या नावावर आणि खात्याचे व्यवहार थांबलेले.

यावर 'मग सरळ प्रायव्हेट लिमिटेड काढा' असा सल्ला सरसकट दिला जातो. तो अर्धा बरोबर आहे. कंपनीत मालक बदलला तरी पॅन तोच राहतो, शेअर वारसांकडे जातात आणि परदेशी ग्राहकाला कंपनीचे संचालक, ताळेबंद आणि कर्जाचे बोजे सरकारी नोंदीत बघता येतात. मालकी फर्मची अशी कुठलीच उघडी फाइल नसते, म्हणून मोठा ग्राहक तिथे कचरतो. पण कंपनीला उलाढाल कितीही असली तरी ऑडिट सक्तीचं, दरवर्षीची विवरणपत्रं वेगळी आणि उशीर झाला तर दंड. एकट्या मालकाला मधला रस्ता आहे: एकल व्यक्ती कंपनी. तिच्यात नॉमिनी आधीच नोंदवावा लागतो आणि २०२१ च्या एप्रिलपासून तिच्यावरची भांडवल-उलाढालीची मर्यादाही गेली आहे. वर्षाकाठी दोन-चार कंटेनर पाठवणाऱ्या मशीनशॉपला हा पर्याय पुरेसा आहे, पण आपल्याकडे त्याचं नाव फार कमी निघतं.

भागीदारीवाल्यांनी आपलं भागीदारी पत्र आज काढून एक कलम शोधावं. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार एक भागीदार वारला की फर्म विसर्जित होते, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. आपल्याकडची अनेक भागीदारी पत्रं एकाच जुन्या मसुद्यावरून टाइप झालेली असतात आणि त्यात नफ्याच्या टक्केवारीपलीकडे फारसं काही नसतं. फर्म पुढे चालू राहील असं कलम असेल आणि तीन किंवा जास्त भागीदार असतील, तर पॅन टिकतो आणि नवं पत्र जोडून आयईसीत फक्त बदल करावा लागतो. दोघेच भागीदार असतील तर ते कलमही वाचवत नाही, कारण एकट्याची भागीदारी नसते. म्हणून मुलगा किंवा मुलगी, सून किंवा जावई, जो कुणी खरोखर धंदा बघतो त्याला पाच टक्क्यांवर का होईना, आधीच आत घ्या. शिवाय फर्म नोंदलेली नसेल तर ग्राहकाने पैसे बुडवल्यावर करारावरून कोर्टात जायचा रस्ताही बंद होतो.

सगळ्यात महाग पडणारी गाठ मात्र वाटणीची आहे, आणि ती ईपीसीजीत बसते. ईपीसीजी म्हणजे निर्यातीच्या हमीवर मशीन आयात करताना सीमाशुल्क माफ. हमी अशी: वाचलेल्या शुल्काच्या सहा पट निर्यात सहा वर्षांत. व्हीएमसी (संगणकावर चालणारं कटाईचं मशीन) किंवा मोल्डिंग लाइन आणताना २० लाखांचं शुल्क वाचलं तर १ कोटी २० लाखांची निर्यात दाखवायची, त्यातली निम्मी, म्हणजे ६० लाखांची, पहिल्या चार वर्षांत. हे सगळं आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निर्यातीच्या वर. ज्यांची आधीची निर्यात शून्य आहे त्यांना हे सोपं जातं, ज्यांची चांगली चालली आहे त्यांना अवघड. कागदावर उलटं वाटेल, पण तसंच आहे.

आता तिसऱ्या वर्षी भावाभावांत वाटणी झाली. धाकट्याने परदेशी ग्राहक सांभाळलेले, म्हणून ग्राहक त्याच्याकडे, त्याने नवी कंपनी काढली. थोरल्याकडे शेड आणि मशीन. हमी बसलीय जुन्या आयईसीवर आणि निर्यात होतेय नव्या आयईसीवरून. हमी पुरी होईपर्यंत ते मशीन विकता येत नाही की दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. सहावं वर्ष संपलं की थोरल्याला माफ झालेलं शुल्क व्याजासह भरायची नोटीस. वाटणीच्या कागदात शेड, पॅटर्न, भट्टी, अगदी जुना टेम्पोसुद्धा लिहिलेला असतो, पण ईपीसीजी कुणाच्या गळ्यात ते लिहिलेलं नसतं.

यातून सुटायची वाट आहे. ईपीसीजीत तिसऱ्या पक्षामार्फत झालेली निर्यात धरली जाते, पण शिपिंग बिलावर (कस्टम्सकडे भरायच्या निर्यातीच्या कागदावर) निर्यात करणाऱ्याबरोबर लायसन्सधारकाचं नाव आणि ईपीसीजीचा क्रमांक दोन्ही असायला हवेत. म्हणजे थोरल्याच्या मशीनवर माल बनायचा, धाकट्याच्या कंपनीने पाठवायचा आणि सीएचएला (कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटला) पहिल्या शिपमेंटपासून दोन्ही नावं टाकायला सांगायचं. माल गेल्यावर शिपिंग बिलात ही दुरुस्ती करून घेणं म्हणजे कस्टम्सच्या पायऱ्या झिजवणं. बोलणं बंद असलेल्या दोन भावांना एका शिपिंग बिलावर आणणं हे अर्थातच कुठल्याच पोर्टलचं काम नाही. वाटणी ठरतानाच वकिलाबरोबर सीएचएलाही अर्धा तास बोलवा.

वाटणी झाली नाही तरी एका गेटच्या आत तीन फर्म, ही आपली आवडती रचना. एक फाउंड्री, एक मशीनशॉप, एक ट्रेडिंग. जीएसटी आणि बँक लिमिटच्या हिशेबाने केलेली. देशात याचं त्याला, त्याचं याला चालून जातं. निर्यातीत शिपिंग बिल मशीनशॉपच्या आयईसीवर आणि पैसे आले ट्रेडिंगच्या खात्यात, की निर्यातीचे पैसे आले की नाही हे बघणाऱ्या बँकेच्या ईडीपीएमएस या सिस्टीममध्ये ते बिल उघडंच राहतं. नोव्हेंबर २०२३ पासून ई-बीआरसी, म्हणजे निर्यातीचे पैसे आल्याचा ऑनलाइन दाखला, निर्यातदाराने स्वतः डीजीएफटीच्या पोर्टलवर तयार करायचं आहे. बँक आलेल्या पैशाचा संदेश पाठवते, तुम्ही तो शिपिंग बिलाशी जोडायचा. ही सोय झकास आहे. पण संदेश दुसऱ्या पॅनवर आलेला असेल तर जोडायला समोर काही दिसतच नाही. प्रोफॉर्मा इनव्हॉइसवर कुठल्या फर्मचं नाव आणि कुठलं खातं जातं हे एकाच माणसाने बघावं. जुनी इनव्हॉइस कॉपी करून नवी बनवण्याच्या सवयीतून हा घोळ होतो.

लॉगिनबद्दल पोर्टलचे मार्क कापावेच लागतील, जरी अर्धा दोष आपला असला. आयईसी काढून देणारा सल्लागार घाईत स्वतःचा मोबाइल आणि ई-मेल टाकतो. पुढे त्या आयईसीला आपलं लॉगिन जोडायचं तर ओटीपी जातो त्याच नंबरवर. 'आबा, ओटीपी आला काय?' 'कुठला ओटीपी?' इथपासून सुरू झालेलं काम हेल्पडेस्कच्या तिकिटापर्यंत जातं. कंपनी किंवा एलएलपी असेल तर डिजिटल सहीचा टोकन सीएच्या ड्रॉवरमध्ये, आणि त्याची मुदत संपल्याचं कळतं ते कंटेनर भरून झाल्यावर. फर्मचा म्हणून एक वेगळा मोबाइल नंबर आणि ई-मेल ठेवा, घरातल्या कुणाचा नको. टोकन कारखान्यात, मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर.

दुसरी सवय वार्षिक अपडेटची. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात आयईसीचा तपशील तपासून 'बरोबर आहे' असं नोंदवावं लागतं, काहीही बदललेलं नसलं तरी. या तीन महिन्यांत फी नाही, नंतर बदलाची फी २०० रुपये. नाही केलं तर आयईसी निष्क्रिय होते आणि शिपिंग बिल पुढे सरकत नाही. पुन्हा चालू करणं अवघड नाही, पण कळतं तेव्हा माल न्हावा शेवाच्या वाटेवर असतो. जीएसटीचं एलयूटीही दर आर्थिक वर्षाला नव्याने भरायचं असतं, तेव्हा दोन्ही कामं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एकाच बैठकीत उरका.

परदेशात नुसता माल न पाठवता तिथे गोडाऊन किंवा विक्रीची कंपनी काढायची असेल, तर पहिल्या पानावरचा तो रकाना पुन्हा आडवा येतो. ऑगस्ट २०२२ पासूनच्या, परदेशात करायच्या गुंतवणुकीच्या नियमांत 'भारतीय संस्था' म्हणून कंपनी, एलएलपी आणि नोंदणीकृत भागीदारी बसतात. त्यांना नेटवर्थच्या चौपटीपर्यंत बाहेर गुंतवता येतं. मालकी फर्म त्यात नाही. मालकाने व्यक्ती म्हणून वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत पैसे पाठवायचे, तेही फक्त भागभांडवल म्हणून. तिकडच्या कंपनीला कर्ज देता येत नाही आणि आपल्या ताब्यातल्या त्या कंपनीला पुढे उपकंपनी काढता येत नाही. वर १० लाखांपुढच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच वसूल होणारा कर) आधी कापला जातो. तो आयकरात वळता होतो, पण खेळतं भांडवल तोवर अडकून बसतं. हिंदू अविभक्त कुटुंबाला तर ही व्यक्तींची मर्यादा वापरताच येत नाही. गुंतवणूक कुठल्याही वाटेने केली तरी बँकेमार्फत आधी यूआयएन (त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक), मग पैसे, आणि दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत तिकडच्या कंपनीचा कामगिरी अहवाल.

मग पुढे मोठं व्हायचं म्हणून आज मालकी फर्मची कंपनी करावी का? निर्यात सुरू व्हायच्या आधी असेल तर करा. चालू निर्यातीत करायची तर ईपीसीजीची हमी पुरी झाल्यावर, दोन मोठ्या ऑर्डरींच्या मधल्या काळात करा, आणि जुनी आयईसी शेवटचं पेमेंट येऊन ई-बीआरसी होईपर्यंत बंद करू नका. भांडवली नफ्यावरच्या करातून सुटायचं असेल तर सगळी मालमत्ता आणि देणी कंपनीत जावी लागतात आणि मूळ मालकाने किमान ५० टक्के मतदान हक्क ५ वर्षं स्वतःकडे ठेवावे लागतात. आठ महिन्यांत मुलाच्या नावावर बहुसंख्य शेअर करून टाकायचा बेत असेल तर आधी सीएशी बोला.

कंपनी झाली म्हणजे कारभार बदलला असंही नाही. वाहन उद्योगाच्या ग्राहकाला नवा पार्ट देताना पीपीएपीच्या (नव्या पार्टच्या मंजुरीच्या) फाइलमध्ये पार्ट सबमिशन वॉरंटवर सही लागते. ऑडिटला आलेला माणूस बघतो की गुणवत्तेवर सही करणारा आणि रोजचं उत्पादन काढून घेणारा एकच आहे का. ब्लोहोल (कास्टिंगमधली हवेची पोकळी) असलेला लॉट थांबवायचा अधिकार क्वालिटीच्या माणसाला खरोखर आहे, की 'दादांना विचारून सांगतो'? लेटरहेडवर प्रायव्हेट लिमिटेड छापून या प्रश्नाचं उत्तर बदलत नाही. दर किती टक्क्यांपर्यंत खाली आणायचा आणि रिजेक्शनचा डेबिट (नाकारलेल्या मालापोटी कापलेली रक्कम) कुठल्या रकमेपर्यंत मान्य करायचा, एवढे दोन अधिकार घराबाहेरच्या एका माणसाला लेखी दिले तरी परदेशी पत्रव्यवहाराचा वेग बदलतो.

चपलेवाल्यांसाठी थोडं वेगळं. कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन २०१९ चं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी, आणि त्याची मालकी लिडकॉम (महाराष्ट्र) व लिडकर (कर्नाटक) या दोन सरकारी चर्मोद्योग महामंडळांकडे आहे. २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन ब्रँडच्या मिलानमधल्या शोत अशाच चपला दिसल्यावरून गदारोळ झाला, तेव्हा बोलणी शेवटी या महामंडळांशीच झाली. कारागिराने स्वतः निर्यात करताना मानांकनाचं नाव वापरायचं तर 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून वेगळी नोंदणी हवी. ती आयईसीत येत नाही आणि डीजीएफटीच्या पोर्टलवर होतही नाही. महिन्याला थोडे जोड पाठवणाऱ्याने आधी ही नोंदणी करावी.

मार्क असे: वेग पाचपैकी पाच, खर्च पाच, ई-बीआरसीची सोय साडेचार, लॉगिन आणि हेल्पडेस्क अडीच. एकूण चार. 'फर्मचं स्वरूप' या रकान्याखाली 'हे बदलल्यास आयईसी बदलेल' एवढी एक ओळ पोर्टलने टाकली तर अर्धा मार्क वाढवायला हरकत नाही.

सल्लागाराकडून काढून घेणार असाल तर पैसे चुकते करण्याआधी एवढं ताब्यात घ्या: पोर्टलचा युजर आयडी आणि पासवर्ड, नोंदवलेला मोबाइल-ई-मेल आपलाच असल्याचा प्रोफाइलचा प्रिंट, आयईसी प्रमाणपत्राची पीडीएफ, कुठल्या बंदरांवर एडी कोड नोंदवला त्याची आइसगेटवरची (कस्टम्सच्या पोर्टलवरची) पावती, आणि जोडलेल्या प्रत्येक शाखेचा पत्ता. गोकुळ शिरगावचं युनिट नोंदवलं आणि कागलचं राहिलं, हे याच वेळी लक्षात येतं.